तास, वह्या आणि 'अत्यंत तातडीचे': माध्यमिक शिक्षकांनी कामाचा ताण कसा कमी करावा

तणावमुक्तीचं प्रशिक्षण बहुतेक शिक्षकांनी एकदा तरी केलेलं असतं. डोळे मिटून श्वास मोजायचा, मोठ्याने हसायचं, चहा घ्यायचा, प्रमाणपत्र घेऊन निघायचं. बाहेर पडून मोबाइल बघावा तर शाळेच्या ग्रुपवर विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकांसाठी संदेश येऊन पडलेला: 'अपार आयडीची वर्गनिहाय माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत. अत्यंत तातडीचे.' श्वासाच्या व्यायामाला माझा विरोध नाही, पण या लेखात त्याला फारशी जागा मिळणार नाही. माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाचा ताण मला मनापेक्षा वेळापत्रकात जास्त दिसतो, आणि तो हातात येतो तोही तिथेच.

तास जास्त आहेत म्हणून माणूस मोडतो असं सहसा होत नाही. आठपैकी सहा तास घेऊनही ताजेतवाने घरी जाणारे शिक्षक प्रत्येक शाळेत एखाद-दुसरे असतातच. माणूस मोडतो तो दिवसाचे तुकडे पडल्याने आणि पुढचा तुकडा कधी पडेल याचा नेम नसल्याने. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये कामाच्या ताणाची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे: कामाचा रेटा जास्त आणि त्या कामावर आपला ताबा कमी, ही जोडी सगळ्यांत वाईट. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षकाचा शब्द चालतो, तासाची घंटा झाली की तो कोणाच्याही हाताखाली येतो. तेव्हा रेटा कमी करणं फारसं आपल्या हातात नसलं, तरी ताबा थोडाथोडा परत मिळवता येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

कामावर परिणाम होतोय हे ओळखायचं कसं

निकालावरून ओळखायला जाऊ नका. दहावीच्या निकालासाठी शाळा, क्लास, पालक सगळेच जोर लावतात, त्यामुळे शिक्षक आतून रिकामा झाला तरी निकाल एक-दोन वर्षं तसाच राहतो. गोपनीय अहवालातही 'चांगला' हा शेरा येत राहतो.

त्याआधी बिघडतात त्या बारीक गोष्टी. धड्याला नवं उदाहरण सुचेनासं होतं, गेल्या वर्षीचं टाचण (पाठाची लेखी तयारी) तारीख बदलून उतरतं. वह्यांवर शेरे जातात आणि नुसत्या बरोबरच्या खुणा उरतात. मग आवाज चढायला लागतो. एखादा मुलगा तिसऱ्यांदा तीच शंका विचारतो तेव्हा उत्तराआधी चीड येते. पुढे सोमवारच्या किरकोळ रजा वाढतात. ख्रिस्तिना मास्लाक यांनी अशा थकव्याची तीन अंगं सांगितली आहेत: भावनिक शिणवटा, समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात याची नोंद आजार म्हणून न करता कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. शिक्षकांच्या बाबतीत मी दुसऱ्या अंगाकडे सर्वांत आधी बघायला सांगेन. 'नववी ब म्हणजे नुसती डोकेदुखी' हे वाक्य तोंडात रुळलं असेल तर पहिली पायरी याच आठवड्यात सुरू करा.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची नोंद

टाचण वहीच्या शेवटच्या पानांवर चार रकाने आखा. काम, मिनिटं, कोणी सांगितलं, किती आधी कळलं. जुलैअखेर किंवा ऑगस्टचे दोन साधे आठवडे घ्या. स्नेहसंमेलन किंवा निवडणुकीचा महिना घेतलात तर चित्र खोटं येईल.

एका मंगळवारचा नमुना बघा. दुसरा तास ऑफ, म्हणजे शिकवायचा नसलेला: वह्या काढल्या, सात झाल्या, शिपाई मामा निरोप घेऊन आले, आठवी क वर अॅडजस्टमेंट (रजेवरच्या शिक्षकाच्या जागी तास), कळलं शून्य मिनिटं आधी. मधली सुट्टी: दोन पालक, बारा मिनिटं, डबा राहिला. पाचवा तास ऑफ: शिष्यवृत्तीच्या मुलांचे आधार क्रमांक तपासले, पस्तीस मिनिटं, सकाळी कळलं. रात्री साडेनऊ: ग्रुपवर 'उद्या सकाळी अकराच्या आत', वीस मिनिटं, शिवाय झोप उडाली.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. एकूण मिनिटं बघून फार तर स्वतःची कीव येते, पण 'किती आधी कळलं' हा रकाना खालपर्यंत वाचला की त्रासाचं मूळ सापडतं. ज्या कामांपुढे 'आज' किंवा 'शून्य' आहे त्यांना लाल शाई करा. हा कागद पुढे मुख्याध्यापकांसमोर ठेवायचा आहे, म्हणून त्यावर चिडून काही लिहू नका.

दुसरी पायरी: कामांची तीन ढिगांत विभागणी

पहिल्या ढिगात कायद्याने टळत नाहीत ती कामं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ व संसदेच्या निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात. आता जनगणना तोंडावर आहे: घरयादीचा टप्पा २०२६ मधला, प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये. म्हणजे ऐन दहावीच्या धामधुमीत अनेक जण प्रगणक असतील. नेमणुकीची शक्यता दिसत असेल तर अभ्यासक्रमाचा शेवटचा पाठ जानेवारीच्या मध्यापर्यंत संपेल असं वार्षिक नियोजन आत्ताच करा.

मतदार यादीच्या कामाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या प्रकरणात सांगितलं की मतदार याद्यांची आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवण्याव्यतिरिक्तच्या दिवशी द्यावीत, शिकवण्याच्या दिवशी शाळेच्या वेळेत सामान्यतः देऊ नयेत. बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) नेमणूक आली तर हुज्जत घालण्यात अर्थ नाही, ते काम नाकारल्यास कारवाई होऊ शकते. पण काम कोणत्या वेळात करायचं याबद्दल लेखी विनंती करता येते, आणि त्या विनंतीला या निकालाचा आधार आहे.

दुसऱ्या ढिगात शाळेत वाटून घेता येतील अशी कामं: यूडायस आणि सरल या पोर्टलांवरची शाळेची माहिती, एनएमएमएस शिष्यवृत्तीचे अर्ज, इन्स्पायर या विज्ञान पुरस्कार योजनेची नोंदणी, सहलीचा हिशेब, सूचनाफलक. बहुतेक शाळांत ही कामं 'ज्याला कॉम्प्युटर येतो' त्याच्या गळ्यात पडतात. हा कौशल्याला मिळणारा दंडच आहे. त्यावर उपाय म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला कामवाटपाचा एकच तक्ता करून स्टाफरूममध्ये लावायचा, प्रत्येक कामाला एक मुख्य आणि एक जोडीदार. जोडीदार पुढच्या वर्षी मुख्य होतो. पन्नाशीच्या सरांना पोर्टल येत नसेल तर त्यांनी त्या शिक्षकाचे दोन अॅडजस्टमेंटचे तास घ्यावेत. हा व्यवहार स्पष्ट बोलून करा, नाहीतर उपकाराची भाषा सुरू होते.

तिसऱ्या ढिगात फक्त सवयीने चालू असलेली कामं. एकच माहिती कागदावर, एक्सेलमध्ये आणि ग्रुपवर अशी तीनदा देणं. कोणी न उघडणाऱ्या फायली. कार्यक्रमाचे पंचवीस फोटो. ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला आहे. त्याची प्रत स्टाफरूममध्ये ठेवा आणि या ढिगातली कामं तिच्याशी ताडून बघा. एका सत्रात तीन कामं बंद झाली तरी पुष्कळ झालं.

तिसरी पायरी: वह्या

इथे जरा थांबू. भाषा, गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांचं संध्याकाळचं आयुष्य वह्याच खातात.

हिशेब करा. पाच तुकड्या, प्रत्येकी साठ मुलं, म्हणजे तीनशे वह्या. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. हे दर पंधरवड्याला करायचं ठरवलं तर होत नाही. होत नाही म्हणून खुणा मारल्या जातात, आणि नुसत्या खुणा मारलेल्या वहीतून मुलाला काहीच कळत नाही. शिक्षकालाही ते माहीत असतं, त्यामुळे वेळ जातो आणि वर अपराधी वाटतं.

दुसरा मार्ग असा. वर्गाचे हजेरी क्रमांकानुसार बारा-बारा मुलांचे पाच गट करा. एका आठवड्यात प्रत्येक तुकडीतून एकच गट. साठ वह्या, पण प्रत्येकीला चार मिनिटं. म्हणजे आठवड्याला चार तास आणि पाच आठवड्यांत प्रत्येक मुलाची वही नीट वाचलेली. त्या चार मिनिटांत सगळी वही बघायची नाही. आधी ठरवलेलं एकच उत्तर पूर्ण वाचायचं आणि खाली एक ओळ लिहायची: 'कारण दिलंस, पण उदाहरण नाही. पुन्हा लिहून शुक्रवारी दाखव.' उरलेल्या अठ्ठेचाळीस मुलांनी त्या आठवड्यात उत्तर फळ्यावरच्या नमुन्याशी जुळवून स्वतः तपासायचं, शेजाऱ्याची सही घ्यायची.

वाचताना सापडलेल्या चुका एका कागदावर टिपत जा. बारा वह्यांत निम्म्याहून जास्त मुलांनी बीजगणितात समान चिन्हाच्या पलीकडे जाताना चिन्ह बदललं नसेल, तर बारा वेळा लाल शाईने लिहिण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं फळ्यावर तेच घ्या. वेळ वाचवण्यासाठी उचललेल्या या पावलाने शिकवणंही सुधारतं. माझ्या पाहण्यात ताण आणि कामाचा दर्जा दोन्ही एकदम सुधारणारी दुसरी गोष्ट नाही.

अडचण एकच: तपासणीला आलेले अधिकारी सगळ्या वह्यांवर सही मागतात. म्हणून ही पद्धत सुरू करण्याआधी गटांचं वेळापत्रक टाइप करून मुख्याध्यापकांची सही घ्या, वर्गाच्या हजेरीपटात लावा, आणि पहिल्या पालकसभेत पालकांना सांगा. कागद असला की प्रश्न सहसा तिथेच संपतो.

चौथी पायरी: ऑफ तास वाचवणं

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत तयारीचा वेळ धरलेला आहे. कायदा पहिली ते आठवीपुरता असला तरी तत्त्व नववी-दहावीला बदलत नाही. ऑफ तास म्हणजे मोकळा बसलेला शिक्षक, ही समजूत आधी आपल्याच स्टाफरूममधून काढायला हवी.

सगळे ऑफ तास वाचणार नाहीत. आठवड्यातले दोन निवडा आणि ते कशासाठी आहेत ते वेळापत्रकावर लिहा: 'वह्या, नववी अ'. त्या वेळी स्टाफरूममध्ये न बसता ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत बसा. समोर दिसणाऱ्या माणसालाच अॅडजस्टमेंट मिळते, हा सगळ्या शाळांचा अलिखित नियम आहे. पर्यवेक्षकांना मात्र कुठे आहात ते सांगून ठेवा, लपल्यासारखं नको.

अॅडजस्टमेंटच्या तासासाठी प्रत्येक इयत्तेचा एक लिफाफा तयार ठेवा: उतारा आणि पाच प्रश्न, नकाशा भरणे, शब्दकोडं. अनोळखी वर्गावर पस्तीस मिनिटं 'शांत बसा' म्हणत काढणं हे दोन तास शिकवण्याइतकं थकवतं.

पाचवी पायरी: ग्रुपवरचे संदेश

रात्री आठनंतर शाळेच्या ग्रुपचा आवाज बंद. सकाळी शाळेत निघण्याआधी एकदा पाहायचा. खरंच आणीबाणी असेल तर फोन येतो. 'पाहिलं नाही' म्हणून ओरडा बसेल ही भीती खोटी नाही, म्हणून हे एकट्याने न करता चार-पाच जणांनी मिळून मुख्याध्यापकांना आधी सांगावं.

माहिती मागणारे संदेश बहुतेक तेच ते फिरून येतात: जन्मतारीख, आधार, बँक खातं, जात प्रवर्ग, पालकांचा मोबाइल. जूनमध्येच वर्गाची एक मूळ एक्सेल फाइल करा आणि पुढची प्रत्येक मागणी तिच्यातूनच भागवा. पहिल्यांदा एक शनिवार जाईल, वर्षभरात तो कितीतरी पटींनी परत मिळेल. त्या फाइलला पासवर्ड लावा. मुलांची खासगी माहिती ग्रुपवर टाकणं योग्य नाही.

सहावी पायरी: वर्ग आणि घसा

ज्या एका तुकडीमुळे दिवस बिघडतो तिचा तास वेळापत्रकात कुठे आहे ते बघा. मधल्या सुट्टीनंतरचा किंवा शेवटचा असेल तर सहामाहीनंतर बदलून मागा. तोवर त्या तासाची पहिली पाच मिनिटं ठरलेली ठेवा: आत आल्याबरोबर फळ्यावर एक प्रश्न, बोलायचं नाही, लिहायचं. मुलं शांत होतात आणि तुमचाही श्वास बसतो.

साठ मुलांवर ओरडून आवाज बसतो. कमरेला लावायचा छोटा माइक घ्यायला शिक्षक लाजतात, का ते मला कधी समजलेलं नाही. पाण्याची बाटली वर्गात न्या. घसा तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. शिक्षिकांनी शाळेत स्वच्छतागृह धड नाही म्हणून पाणीच न पिणं हे नेहमीचं आहे, आणि त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात. स्वच्छतागृहाची मागणी शाळा व्यवस्थापनाकडे लेखी करा. तीही या लेखाच्या विषयातच मोडते.

सातवी पायरी: मुख्याध्यापकांशी बोलणं

सगळ्यांसमोर, मीटिंगमध्ये, आवाज चढवून बोललेलं वाया जातं. मुख्याध्यापकांवरही वरून तेच संदेश येत असतात, शिवाय संचमान्यतेत (विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकपदं ठरवण्यात) पद टिकवायची चिंता असते. परीक्षा नसलेल्या आठवड्यातली दुपार निवडा, नोंदीचा कागद न्या आणि एकच मागणी ठेवा.

"सर, दहा मिनिटं बसू का? हे दोन आठवड्यांचं लिहून आणलंय."

"काय हो, तक्रार आहे का?"

"तक्रार नाही सर. बघा ना, दहा ऑफ तासांपैकी आठ गेले. त्यातले सहा त्याच दिवशी कळले. मला मंगळवार आणि गुरुवारचा पाचवा तास वह्यांसाठी पक्का द्या. बाकीचे तुम्ही म्हणाल तसे घेते."

"आणि कोणी रजेवर गेलं तर?"

"दोघीतिघी एकाच दिवशी गेल्या तर येईनच सर. पण रोजचं नको."

हे संभाषण बहुतेक वेळा अर्धं यशस्वी होतं. एक तास मिळतो, एक राहतो. मिळालेला तास त्याच दिवशी एका ओळीच्या अर्जात लिहून आवक क्रमांक घ्या.

मुख्याध्यापक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: वरून 'आजच' आलेलं काम तुम्ही खाली 'आजच' म्हणून ढकललंत की आख्ख्या शाळेचा दिवस मोडतो. अॅडजस्टमेंटचा तक्ता सकाळच्या प्रार्थनेआधी लावला, आणि कोणाला किती मिळाल्या याची महिन्याची बेरीज शेजारी लिहिली, तरी स्टाफरूममधली निम्मी कुरबुर थांबते.

शिक्षण सेवकांची, म्हणजे मानधनावरच्या नव्या शिक्षकांची, स्थिती वेगळी आहे. माध्यमिकला १८,००० रुपये मानधन, तीन वर्षांचा काळ, आणि नाही म्हटलं तर पुढे काय होईल ही धास्ती. विनाअनुदानित शाळांत तर तेवढंही हाती पडत नाही. त्यांनी एकट्याने मागणी न करता एखाद्या ज्येष्ठ शिक्षकामार्फत कामवाटपाच्या तक्त्यात आपलं नाव दोनच कामांपुढे येईल एवढं बघावं. संस्थेकडून सेवेवर गदा आली तर कायम कर्मचाऱ्यांना १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. त्याची मुदत तीसच दिवसांची आहे, म्हणून आदेश हातात पडताच वकिलाला किंवा संघटनेला भेटा.

आठवी पायरी: पेपर तपासणी आणि टीईटी

बोर्डाचे पेपर आले की आधी स्वतः प्रश्नपत्रिका सोडवा, मग पहिले पाच पेपर तपासून पुन्हा पहिल्यावर या. एका बैठकीत दहाच्या वर नको. रात्री दहानंतर गुण देता येतात, बेरीज करता येत नाही. विद्यार्थ्याला आता उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मिळते, त्यामुळे बेरजेची चूक उघडी पडते. बेरजा सकाळी करा.

१ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आठवीपर्यंत शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या शिक्षकांपुढे दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होण्याचा प्रश्न उभा राहिला आहे. वीस वर्षं शिकवल्यावर परीक्षेला बसायचं याचा राग समजण्यासारखा आहे. रागाचं काम संघटनेवर सोपवा आणि अभ्यासाला शाळेतल्याच तिघा-चौघांचा गट करा. गणितवाल्यांनी भाषावाल्यांना शिकवायचं, भाषावाल्यांनी गणितवाल्यांना.

हे सगळं करूनही जमलं नाही तर

दोन आठवडे झोप नीट लागत नाही, जेवण जात नाही, शाळेच्या फाटकापाशी छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, यातलं काही असेल तर वेळापत्रकाशी झगडण्यात दिवस घालवू नका. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि त्यांना शाळेचंही सांगा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगण्याची सक्ती नाही. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी फोन करा, आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

रजेचा संकोच करू नका. कायम शिक्षकाच्या खात्यावर वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा जमा होते, आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर दोन दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने ती पूर्ण पगाराची परिवर्तित रजा म्हणून घेता येते. सेवापुस्तकात किती शिल्लक आहे ते लिपिकाकडून आजच विचारून ठेवा. अर्जात 'वैद्यकीय कारण' एवढं लिहिलेलं पुरतं. रजेवर जाताना वर्गाची एक्सेल फाइल आणि वह्यांचं वेळापत्रक जोडीदाराकडे द्या, आणि ग्रुप बंद ठेवा.